अण्णांचं आंबोण, म्हणजे आमचे मसाला ओट्स

मागच्या दिवाळीनंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, गावाहून आमच्याकडे कोथरूडला आले. आई गेल्यापासून एकटेच होते, वाळवा तालुक्यातलं घर सोडायला काही केल्या तयार नव्हते, पण एक दिवस गोठ्यापाशी चक्कर येऊन खाली बसले, चुलतभावाचा फोन आला आणि मग मी नि नवरा जाऊन त्यांना गाडीत घालून घेऊनच आलो. वय ७२. एस.टी.त ड्रायव्हर, ३१ वर्षं सर्व्हिस, आणि त्या ३१ वर्षांत जे पोटात गेलं ते कुठल्या ना कुठल्या स्टँडच्या कॅन्टीनचं, असं आई कायम म्हणायची. रिपोर्ट काढले तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.४, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १५२, बीपी आधीपासून होतंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत एक छापील कागद, त्यावर सकाळच्या रकान्यात लिहिलेलं, ओट्स १ बाऊल. संपलं. केवढा बाऊल, कसले ओट्स, दुधात का पाण्यात, काही नाही. अण्णांनी कागद चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "हे वट्स म्हंजे काय गं?" मी म्हणलं बघू या, मलाही तेवढंच माहीत होतं.

आमच्या घरात त्याआधी ओट्स आले नव्हते असं नाही, एकदा नवऱ्याने जिमच्या उत्साहात आणलेले, ते डब्यात राहून त्याला जाळी लागली आणि कचऱ्यात गेले. यावेळी मात्र करायचेच होते.

पहिला दिवस. पाकिटाच्या मागे लिहिल्याप्रमाणे दुधात शिजवले, केळ्याचे काप, वर चमचाभर मध, दिसायला अगदी फोटोत दाखवतात तसं. अण्णांनी त्यात चमचा उभा करून सोडला, तो उभाच राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणले, "काय गं हे, पतंगाला लावायची खळ हाय का?" आता ज्यांनी लहानपणी कणकेची खळ शिजवून पतंग चिकटवलेत त्यांना कळेल, त्यांचं अगदीच चूक नव्हतं. तरी माझ्यासाठी म्हणून चार चमचे खाल्ले, मग मीच म्हणलं अहो संपवा, टाकायचं कशाला, संपवले बिचाऱ्यांनी. दोन तासांनी ग्लुकोमीटर लावला तर २१८! म्हणजे चव पण गेली आणि साखर पण वाढली. अर्थात पिकलेलं केळं, मध, दूध सगळं एकत्र दिल्यावर ओट्स तरी काय करणार, दोष माझाच होता.

त्या संध्याकाळी चुलतभावाचा व्हिडिओ कॉल. अण्णांनी तक्रार केली की मला इथं वट्स खायला घालतात. त्याला आधी कळेना, मी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं तर तो हसायलाच लागला. म्हणला, "आगं हे आपल्या गुरांना असतंय की, गोठ्यामागं १० गुंठं केलंय बघ." आणि खरंच आहे ते. आपल्याकडे दूधधंदावाले हिवाळ्यात हिरव्या चाऱ्याला ओट पेरतात, केंट नावाची जात बऱ्याच जणांकडे असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरायचं आणि ५०-५५ दिवसांनी पहिली कापणी. मी तो चारा लहानपणापासून पाहिलाय की, गव्हासारखाच दिसतो, पण त्याचं दाण्याचं पीक कधी पाहिलं नव्हतं कारण दाणा भरायच्या आधीच कापून गोठ्यात जातो. त्यामुळे हे माणसाने खायचं धान्य आहे हे आमच्या अख्ख्या गावात कुणाच्या डोक्यात नाही. झालं, त्या दिवसापासून अण्णांनी नाव पाडलं आंबोण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेंड, भुसा, कोंडा पाण्यात कालवून दुभत्या गाईला घालतात ते आंबोण. शिवाय पाकिटावर बारीक अक्षरात धान्य ऑस्ट्रेलियाचं असल्याचं लिहिलेलं, ते नातवाने वाचून दाखवल्यावर तर काय, परदेशी आंबोण.

दुसरा प्रयत्न म्हणजे खरं तर पळवाट होती, दुकानात मिळतात ती मसाला ओट्सची छोटी पाकिटं आणली. गरम पाणी, तीन मिनिटं, झालं. आणि अण्णांना ते आवडलं! आवडणारच, सगळा खेळ मिठाचा नि मसाल्याचा. पण एका पाकिटात जेमतेम ४० ग्रॅम, अण्णांसारख्या माणसाच्या दाढेला लागत नाही, म्हणून दोन पाकिटं. भाज्या म्हणाव्यात तर वाळलेले चार वाटाणे नि गाजराचा भुगा, म्हणजे भाजी औषधापुरती. मागे सोडियम किती लिहिलंय ते बघितलं, दोनाने गुणलं आणि पाकीट बाजूला ठेवलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाचा त्यातला मोठा वाटा सकाळी ९ वाजताच संपवायचा का? प्रवासात ठीक, रोजचं नको. पण त्यातनं एक गोष्ट कळली की अण्णांचं भांडण ओट्सशी नाहीये, गोडाशी आणि गिळगिळीतपणाशी आहे. तिखट चालतंय.

मग माझ्या डोक्यात आलं, अरे हे तर पोहेच आहेत. म्हणजे भाताची साळ भिजवून, भाजून, दाबून चपटी केली की पोहे, तसंच ओटाचं टरफल काढून, वाफवून, रुळाखालनं चपटं केलं की रोल्ड ओट्स. मग कांदेपोह्यासारखं करू की! चाळणीत घेतले, पाण्याखाली धरले, मीठ-साखर लावून ठेवले, फोडणी केली आणि वळून बघते तर चाळणीत एक गोळा. अगदी थालीपीठ थापावं असा. फोडणीत टाकून परतायला गेले तर त्याचे लहान लहान गोळे झाले, वर हळद. नवरा म्हणला मुटके म्हणून खाऊ. खाल्ले. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की आज गाईची तब्येत बरी न्हाई का, एवढंसंच घातलंय.

हे का झालं ते नंतर कळलं. एक तर मी आणलेले होते क्विक ओट्स. ओट्सचे प्रकार असतात हे मला माहीतच नव्हतं, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर सोपं आहे. स्टील कट म्हणजे कण्या, लापशीसारखा जाड भरडा, शिजायला २० ते ३० मिनिटं. रोल्ड म्हणजे जाडे पोहे. क्विक किंवा इन्स्टंट म्हणजे पातळ पोहे. आता पातळ पोहे भिजवून कांदेपोहे कोण करतं? कुणीच नाही, लगदा होतो हे सासरी पहिल्या आठवड्यात कळतं. साखरवाल्यांनी पण इन्स्टंट टाळलेले बरे, जेवढा बारीक नि पातळ तुकडा तेवढा लवकर पचतो आणि साखर तेवढी पटकन वर जाते.

आणि दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचं एक विरघळणारं फायबर असतं, पाणी लागलं की ते बुळबुळीत होतं, पोह्यात ते नसतं. म्हणजे अण्णा ज्याला खळ म्हणतात ती खळ हीच, आणि गंमत बघा, डॉक्टर ओट्स खा म्हणतात ते पण ह्या खळीसाठीच! पोटात गेल्यावर ती जेलीसारखी होते, साखर रक्तात हळू सोडते, आणि आतड्यात पित्तातली आम्लं धरून बाहेर नेते, मग यकृताला नवीन पित्त तयार करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, १९९७ साली पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं लिहायला परवानगी दिली, दिवसाला ३ ग्रॅम बीटा ग्लुकन असा हिशोब धरून. माझ्या आमटीच्या वाटीने एक वाटी रोल्ड ओट्स ४५ ग्रॅम भरतात, त्यात हे साधारण पावणेदोन-दोन ग्रॅम असावं. म्हणजे एका नाश्त्यात अर्ध्याहून जास्त काम होतं, पण पूर्ण नाही, आणि एवढं खाऊन दुपारी वडापाव हाणला तर काहीच नाही. तर आता प्रश्न असा झाला की खळ काढून टाकायची नाहीये, ती पाहिजेच, फक्त ती ताटात दिसायला नको, पोटात गेल्यावर व्हायला पाहिजे.

मग रोल्ड ओट्स आणले, १ किलो १९९ला. तेवढ्यात साडेतीन-चार किलो ज्वारी येते, हे अण्णांनी लगेच काढलंच, आणि खरं सांगायचं तर त्यावर माझ्याकडे फार उत्तर नव्हतं. ज्वारीची भाकरी आम्ही बंद केलेली नाही, दोन्ही वेळच्या जेवणात तीच असते. ओट्स फक्त सकाळी, कारण सकाळी साडेआठला भाकरी थापायची माझी ताकद नसते, मला साडेनऊला निघायचं असतं.

चौथा प्रयत्न उपम्यासारखा केला, रव्याला घालते तसं तिप्पट पाणी घातलं आणि पेज झाली. हे सांगण्यासारखं काही नाही, फक्त एवढंच की ओट्सला रव्याचं पाणी घालू नका.

पाचव्या वेळी माझ्या सासूबाई आलेल्या. त्या स्वयंपाकघरात आल्या, कढईत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं भाजलेस का आधी? सांजा काय कच्च्या रव्याचा करतेस का तू?" एवढं साधं. सगळीकडे पाणी किती, दूध किती, चिया कुठला हे वाचत बसले आणि भाजायचं डोक्यातच आलं नाही. त्यांनी स्वतःच कोरडी कढई ठेवली, मंद आचेवर ओट्स घातले आणि हलवत राहिल्या, ६-७ मिनिटं तरी. रंग फार बदलत नाही, कडा जरा तांबूस होतात, पण वास बदलतो, आधी एक ओलसर पुठ्ठ्यासारखा वास असतो तो जाऊन खमंग, लाह्या फुटताना येतो ना तसा वास येतो. हाताला लावून बघितलं तर पान कुरकुरीत लागतं. असे भाजलेले ओट्स पाणी हळूहळू पितात आणि पानं सुटी राहतात, एकमेकाला चिकटत नाहीत. त्या दिवशी जे झालं ते अण्णांनी न बोलता खाल्लं आणि ताटली पुसून घेतली. आमच्याकडे ह्याला प्रशंसा म्हणतात.

तर आता मी कसं करते ते सविस्तर सांगते, तिघांना पुरतं. रोल्ड ओट्स ३ वाट्या. रविवारीच किलोभर एकदम भाजून गार करून डब्यात भरून ठेवते, आठवडाभर काही होत नाही, आणि सकाळची सात मिनिटं वाचतात. भाज्या चिरून ५ ते ६ वाट्या, हो, ओट्सच्या जवळजवळ दुप्पट, इथे हात आखडता घ्यायचा नाही कारण नुसत्या ओट्सने पोट भरायला गेलं तर ते जडही होतं आणि कंटाळाही येतो. आणि मोडाची मटकी १ वाटी. ही मटकी माझी स्वतःची भर आहे, मिसळ खाऊन वाढलेल्या माणसाला मटकी दिसली की अर्धं काम होतं, आणि दाताखाली काहीतरी येतं. मटकी आधी जराशी वाफवून घ्यायची.

कढईत घाण्याचं शेंगदाणा तेल ३ चमचे, चहाचे चमचे, पळी नाही. मोहरी तडतडू द्यायची पूर्ण, जिरं, हिंग, कढीपत्ता भरपूर, ठेचलेला लसूण आणि आलं, एखादी हिरवी मिरची. कांदा एकच, बारीक, नुसता गुलाबी होईपर्यंत. मग फरसबी आणि गाजर, दोन्ही बारीक, वाटाण्याएवढे तुकडे, कारण ओट्स शिजायला तीन मिनिटं लागतात आणि फरसबी तेवढ्यात शिजत नाही. कच्च्या फरसबीचा तुकडा कवळीखाली आला की अण्णा बाजूला काढून ताटलीच्या कडेला रांग लावतात, डेपोत गाड्या लावल्यासारखी. तर ह्या भाज्यांवर झाकण ठेवायचं आणि झाकणावर पाणी ओतायचं, खोलगट ताटली असली की छान. आपल्या आज्या पालेभाजीला करायच्या तेच, खाली वाफेवर भाजी आपल्याच पाण्यात शिजते, करपत नाही, तेल कमी लागतं, आणि ५-६ मिनिटांत वरचं पाणी कढत होतं, तेच पुढे ओट्सला घालायचं. मग मटार, फ्लॉवरचे छोटे तुरे, टोमॅटो, हळद. ढोबळी मिरची सगळ्यात शेवटी, ती नुसती गरम झाली तरी पुरे.

बाकी भाज्यांचं म्हणाल तर मेथी चांगली लागते, लसूण जरा जास्त घालून. पालक बरा. कोबीने पाणी सुटतं आणि ओट्स ओले होतात, घातलाच तर पाणी कमी करायचं. वांगं एकदा घातलं, परत घालणार नाही, ते पण मऊ नि हे पण मऊ, काय खातोय कळत नाही. शेवग्याचा पाला अण्णांनी सुचवला, आमच्या सोसायटीच्या मागे झाड आहे, मूठभर कोवळा पाला फोडणीतच परतून घातला तर फार सुंदर लागला, ह्याचं श्रेय त्यांना.

आता मसाला. सासूबाई गोडा मसाला घालतात, चमचाभर, वरनं खोबरं-कोथिंबीर, आणि मान्य करते की ते मसालेभाताच्या जवळ जातं, तोंडल्याचे काप घातले तर अजूनच. पण अण्णांना ते लग्नाच्या पंगतीतलं वाटतं, रोजचं नाही. त्यांना कांदा-लसूण चटणी पाहिजे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात गावातनं येते, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची मिसळून, कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे भाजून डंकावर कुटून आणलेली. दीड चमचा ती चटणी कांदा परतल्यावर तेलात घातली की घरभर वास सुटतो आणि हॉलमधनं आवाज येतो, "झालं का गं आंबोण?" फक्त एक लक्षात ठेवायचं, त्या चटणीत मीठ असतंच, त्यामुळे वरचं मीठ निम्मं. मी आधी दोन्ही पूर्ण घालत होते आणि पाकिटातल्या मिठाला नावं ठेवत होते! मीठ कमी पडलं असं वाटलं तर लिंबू पिळायचं, आंबट लागलं की जीभ मीठ मागत नाही फार.

भाज्या शिजल्या की भाजलेले ओट्स घालायचे, मिनिटभर मसाल्यात परतायचे म्हणजे पानापानाला तेल-तिखट लागतं. मग कढत पाणी, गार नाही. ३ वाट्यांना साडेतीन ते पावणेचार वाट्या, भाजीत रस किती आहे ते बघून. हळूहळू ओतायचं, एकदाच हलवायचं, आणि मग हात आवरायचा. सारखं ढवळलं की परत खळ तयार! मला हे कळायला वेळ लागला, मला सवय हलवत बसायची. अण्णा ओट्यापाशी स्टुलावर बसून बघत होते, ते म्हणले, "सारखं गेर बदलू नगंस, टाकलाय न्हवं, आता चालू दे." मंद आच, झाकण, तीन मिनिटं. गॅस बंद, अजून तीन मिनिटं झाकण उघडायचं नाही. उघडल्यावर जरा ओलसर वाटलं तरी घाबरू नका, ताटात वाढेपर्यंत पाणी ओढून घेतात. उलट कढईतच मोकळे दिसले तर ताटात कोरडे होऊन घशात अडकतात. गरमच खायचं, गार झालेलं परत गरम केलं की त्यात पाण्याचा हबका मारावा लागतो, आणि डब्यात न्यायला तर अजिबात नाही, नवऱ्याने नेऊन बघितलं, दुपारी त्याची वडी पडली होती.

वर भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर, बाजूला दही. दही गोड नको, अदमुरं चालतं.

साखरेचं म्हणाल तर मी काही दिवस वहीत लिहून ठेवलं, हौस म्हणून. दुधा-केळ्याच्या ओट्सला दोन तासांनी २१८, ते वर सांगितलंच. कांदेपोह्यांना २०६. ह्या भाज्या-मटकीच्या ओट्सला पहिल्यांदा १७१, नंतर १६५, एकदा १८२, त्या १८२ च्या दिवशी ओट्सनंतर चहात साखर घेतली होती हे नंतर नातवाने फोडलं. आता हे एका माणसाचं, गोळी चालू असलेल्या माणसाचं आहे, त्यामुळे तुमच्याकडे असंच होईल असं नाही, तुमचं तुम्ही मोजा. फेब्रुवारीत रिपोर्ट परत काढले, एलडीएल ११८, तीन महिन्यांची साखर ६.९. मी खूश होऊन म्हणलं बघा अण्णा, ओट्स. डॉक्टर म्हणाले गोळीचा परिणाम चांगला आहे. अण्णा म्हणले, म्हात्रे पुलापर्यंत रोज चालत जाऊन येतोय त्याचं काय? तिघांचंही थोडं थोडं असावं, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीचा वाटा सगळ्यात मोठा असणार हे मला कळतं, फक्त मी ते अण्णांसमोर बोलत नाही, नाहीतर उद्यापासून मिसळ मागतील.

एक त्रास झाला तो पण सांगते. पहिल्या आठवड्यात पोट फुगायचं त्यांचं, गॅसेस. एकदम वाटीभर ओट्स आणि वर मटकी सुरू केली होती. मग अर्ध्या वाटीवर आणलं, पाणी जास्त प्यायला लावलं, दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवलं, मग बरं झालं. आणि रोज नाही हं, आठवड्यातनं चार दिवस. बाकी दिवस मुगाचं धिरडं, ज्वारीच्या पिठाची उकड, आणि रविवारी पोहे, मटार भरपूर घालून, रविवारी मी पण माणूस आहे.

गंमत पुढे आहे. जानेवारीत कधीतरी अण्णांनी मला न सांगता चुलतभावाला फोन करून गोठ्यामागच्या ओटाच्या दोन सऱ्या कापायच्या नाहीत म्हणून सांगितलं, दाणा होऊ दे. किलोला १९९ त्यांच्या डोक्यातनं गेलेच नव्हते. गुढीपाडव्याला आम्ही गावी गेलो तर त्या दोन सऱ्या पिवळ्या होऊन उभ्या, लोंब्या खाली लोंबणाऱ्या, गव्हाच्या ओंबीसारख्या नाही, सुट्या सुट्या, एकेक दाणा देठाला लटकलेला. अण्णांनी स्वतः विळ्याने कापल्या, अंगणात बडवल्या, सुपात पाखडलं, दोन पायली तरी दाणा निघाला असेल. आणि मग पंचाईत. टरफल निघेना. गहू कसा मळला की मोकळा होतो, ह्याचं टरफल दाण्याला घट्ट धरून बसलेलं असतं, कारखान्यात त्याला वेगळं यंत्र लागतं. उखळात घालून कांडलं तर निम्म्याचं पीठ झालं आणि निम्मे दाणे टरफलासकट तसेच. गिरणीवाला म्हणाला माझ्या गिरणीत नको, कुसळं बसतील. चुलती हसून हसून बेजार. अण्णा संध्याकाळपर्यंत सूप घेऊन बसले होते, शेवटी उठले, सगळं पाटीत भरलं, त्यात पेंड घातली, पाणी घातलं, हाताने कालवलं आणि गोठ्यात नेऊन गाईसमोर ठेवलं. तिने एका दमात फस्त केलं आणि पाटी चाटत बसली.

"बघ," अण्णा मला म्हणले, "हिला भाजाय पण लागत न्हाई."